स्टेनगन, मशीनगन, कार्बाइन: कुठला शब्द नेमका कधी?

भाषांतरवेडी

भराभर गोळ्या सोडणाऱ्या कुठल्याही हत्याराला मराठी मजकुरात बहुतेक वेळा दोनच नावं मिळतात, 'मशीनगन' नाहीतर 'स्टेनगन'. बँकेवरचा दरोडा असो, सीमेवरची चकमक असो, दुसऱ्या महायुद्धावरच्या पुस्तकाचा अनुवाद असो, शब्द तेच. मूळ मजकुरात मात्र पाच-सहा वेगवेगळी नावं असतात आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत, एवढं संदर्भावरून कळतं.

जाणकारांना विचारायचंय ते असं. स्टेनगन हे सामान्यनाम म्हणून वापरावं का? रायफलही स्वयंचलित असू शकते, मग मशीनगन वेगळी कशी ठरते? कार्बाइन म्हणजे काय? आणि गोळ्या 'झाडणं', 'फैर', 'राउंड', 'बार' यांतलं काय कुठे बसतं? नुसता प्रतिशब्द नको. हत्यार कसं चालतं हे समजलं तर शब्द निवडणं सोपं जाईल.

---

निवृत्त_तोफखाना

स्टेनपासून सुरुवात करू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो.

स्टेन हे एका विशिष्ट हत्याराचं नाव आहे. १९४० मध्ये डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश सैन्याची बरीच शस्त्रं फ्रान्समध्येच राहिली. त्यामुळे स्वस्त, झटपट बनणारं आणि साध्या वर्कशॉपमध्येही भाग तयार करता येतील असं शस्त्र हवं होतं. १९४१ मध्ये ते तयार झालं. ते घडवणारे शेफर्ड आणि टर्पिन या दोघांच्या आडनावांची पहिली अक्षरं आणि एनफील्ड इथल्या शस्त्र कारखान्याच्या नावाची पहिली दोन अक्षरं मिळून 'स्टेन' झालं. सगळे प्रकार धरून चाळीस लाखांहून अधिक स्टेन बनल्या.

ही ९ मिलिमीटरची, म्हणजे पिस्तुलाचं काडतूस वापरणारी सबमशीनगन आहे. मॅगझीन ३२ काडतुसांचं आणि ते खाली लोंबत नाही, डाव्या बाजूला आडवं बसतं. जुन्या फोटोत स्टेन ओळखायची खूण हीच.

आता मराठीतली अडचण. आपल्याकडे पोलिसांच्या आणि सुरक्षारक्षकांच्या हातात वर्षानुवर्षं जे आखूड शस्त्र दिसत आलं, ते स्टेन नाही. ती ९ मिमी कार्बाइन १-ए-१, म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंगची कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेली आवृत्ती. स्टर्लिंगचंही मॅगझीन डाव्या बाजूलाच असतं, म्हणून लांबून दोन्ही सारख्या वाटतात. जवळून पाहिलं तर तीन फरक पटकन दिसतात. स्टर्लिंगचं मॅगझीन ३४ काडतुसांचं आणि किंचित वाकडं असतं, स्टेनचं सरळ. स्टर्लिंगच्या नळीवरचं आवरण जवळजवळ पूर्ण लांबीचं आणि भोकाभोकांचं असतं, स्टेन मार्क-२ ला पुढे छोटंसं वेष्टन असतं आणि नळीचं तोंड उघडं दिसतं. स्टर्लिंगचा दस्ता दुमडून खाली जातो, स्टेन मार्क-२ चा दस्ता म्हणजे एक वाकवलेली सळई किंवा नळी.

तेव्हा भारतीय पोलिसाच्या हातात 'कार्बाइन' लिहा. खात्यात तोच शब्द आहे, शिपाईही तोच बोलतो. स्टेन लिहायची ती महायुद्ध, युरोपातले भूमिगत गट आणि युद्धानंतरची काही वर्षं यांच्या संदर्भातच.

---

आगाऊ_वाचक

पण कार्बाइन म्हणजे आखूड रायफल ना? घोडदळाला लांब बंदूक आवरायची नाही म्हणून नळी कमी केलेली. मग पिस्तुलाची गोळी उडवणाऱ्या शस्त्राला कार्बाइन कसं म्हणायचं?

---

निवृत्त_तोफखाना

शंका बरोबर आहे. मूळ अर्थ तोच, घोडदळाची आखूड बंदूक. स्टर्लिंगला सबमशीनगन म्हणणंच शास्त्रशुद्ध. पण आपल्याकडच्या अधिकृत नावातच कार्बाइन आहे, त्यामुळे भारतीय संदर्भात ते पाळायचं. एम-४ सारखं परदेशी शस्त्र आलं की तिथे कार्बाइन म्हणजे खरोखरच आखूड रायफल, ५.५६ मिमीची. देश आणि काळ पाहिल्याशिवाय हा शब्द उलगडत नाही.

---

कायद्याचं_बोला

कायद्याच्या बाजूने एक मुद्दा, कारण व्याख्या तिथे सगळ्यात स्वच्छ सापडते. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'प्रतिबंधित शस्त्रं' म्हणजे काय ते कलम २ मध्ये दिलंय. आशय असा: चापावर दाब दिला असता, तो दाब काढेपर्यंत किंवा मॅगझीन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहतील अशा रीतीने बनवलेलं किंवा तसं बदल करून घेतलेलं अग्निशस्त्र. त्याच व्याख्येत पुढे तोफा, विमानविरोधी आणि रणगाडाविरोधी शस्त्रंही येतात. कलम ७ प्रमाणे केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय अशी शस्त्रं बाळगता येत नाहीत.

कायदा इथे मशीनगन, स्टेनगन असलं काही नाव घेतच नाही, चाप दाबल्यावर काय होतं ते सांगतो. भाषांतर करताना हीच कसोटी लावा. चाप एकदा दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते, पण सुटण्यासाठी चाप पुन्हा दाबावा लागतो, ते अर्धस्वयंचलित. दाबून धरला की सुटतच राहतात, ते स्वयंचलित. हे दोन शब्द बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी पडतात. साध्या पिस्तुलालाही 'स्वयंचलित पिस्तूल' म्हटलं जातं, ते गोळी आपोआप भरली जाते एवढ्या अर्थाने. वाचकाला मात्र त्यातून गोळ्यांचा वर्षाव दिसतो. आरोपाचं गांभीर्य यावर ठरतं, तेव्हा वार्ताहरांनी पंचनाम्यातलं वर्णन नीट पाहूनच शब्द लिहावा.

---

भाषांतरवेडी

कसोटी पटली. पण तिच्यावरून पुन्हा पहिल्या प्रश्नावर येते. एके-४७ चा चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात. मग तिला मशीनगन म्हणण्यात चूक काय?

---

निवृत्त_तोफखाना

कायद्याने एके-४७ प्रतिबंधित शस्त्र आहेच. सैनिकी वर्गीकरणात ती रायफल, नेमकं सांगायचं तर असॉल्ट रायफल. फरक चापात नाही, पुढच्या तीन गोष्टींत आहे: उष्णता, पुरवठा आणि माणसं.

आधी उष्णता. प्रत्येक काडतूस फुटलं की नळी तापते. रायफलची नळी त्या मानाने हलकी असते. शे-दोनशे गोळ्या सलग झाडल्या तर ती इतकी तापते की नेम बिघडतो, पुढचा लाकडी भाग धुरकटतो. शिवाय एके-४७ मध्ये झाडणं थांबलं तरी पुढचं काडतूस नळीच्या बुडाशी जाऊन बसलेलं असतं. नळी फार तापली असेल तर ते चाप न दाबताही उडू शकतं. मशीनगनची रचना हे गृहीत धरूनच केलेली असते. बहुतेक मशीनगनमध्ये झाडणं थांबलं की खटका (बोल्ट) मागे राहतो, नळी दोन्हीकडून उघडी असते, हवा खेळते आणि आत काडतूस नसतं. नळी जाड असते आणि काही सेकंदांत बदलता येते. एमएजी किंवा ब्रेन या मशीनगनबरोबर जादा नळी दिलेली असते ती यासाठीच.

जुन्या व्हिकर्स मशीनगनमध्ये नळीभोवती पाण्याची टाकी असे, त्यात चार लिटरांच्या आसपास पाणी मावे. जलद मारा केला तर सुमारे ६०० गोळ्यांनंतर पाणी उकळायला लागे. वाफ रबरी नळीवाटे एका डब्यात नेऊन तिचं पुन्हा पाणी करत. पाणी वाचे ते एक, आणि वाफेचा लोट वर गेला नाही म्हणजे शत्रूला जागा कळत नसे ते दुसरं. सुमारे दहा हजार गोळ्यांनंतर नळी बदलावी लागे. व्हिकर्स ब्रिटिश सैन्यात १९१२ ला आली आणि १९६८ पर्यंत राहिली.

दुसरं, पुरवठा. एके-४७ च्या मॅगझीनमध्ये ३० काडतुसं, व्हिकर्सच्या कापडी पट्ट्यात २५०. मशीनगनच्या पट्ट्याला पुढचा पट्टा जोडत राहता येतं. ब्रेनसारख्या हलक्या मशीनगनला मात्र मॅगझीनच असतं, त्यामुळे पट्टा नाही म्हणजे मशीनगन नाही असा नियम करू नका.

तिसरं, माणसं. मशीनगन एकट्याने चालवायचं शस्त्र नाही. एक चालवणारा, एक काडतुसं पुरवणारा आणि नळी बदलणारा, मोठी असेल तर तिकाटणं (ट्रायपॉड) वाहणारे आणखी दोघं-तिघं. म्हणून युद्धवर्णनात 'मशीनगनचं ठाणं' किंवा 'मशीनगनचा मोर्चा' असतो, आणि रायफल सैनिकाच्या हातात असते.

आता आकड्यांचा सापळा. 'एके-४७ मिनिटाला ६०० गोळ्या झाडते' हे वाक्य सगळीकडे दिसतं. ६०० हा यंत्राचा वेग झाला. मिनिटाला ६०० म्हणजे सेकंदाला १०, आणि मॅगझीन ३० चं, तर तीन सेकंदांत ते रिकामं. मॅगझीन बदलून, नेम धरून प्रत्यक्षात मिनिटाला शंभरेक गोळ्या जातात. ब्रेनचंही तसंच आहे. यंत्राचा वेग ५०० आणि प्रत्यक्षातला सव्वाशेच्या आतबाहेर. अनुवादात 'मिनिटाला ६०० या वेगाने' म्हणा. 'मिनिटाला ६०० गोळ्या झाडल्या' म्हटलं तर घडलेल्या घटनेचं खोटं वर्णन होतं.

---

शब्दछंदी

वरच्यात थोडी इतिहासाची भर, कारण शब्द त्यातून आलेत.

अमेरिकेत रिचर्ड गॅटलिंगने १८६२ मध्ये अनेक नळ्यांची बंदूक पेटंट केली. तिची मूठ हाताने फिरवायची. फिरवत राहिलं की नळ्या फिरतात आणि प्रत्येक नळी क्रमाने भरून उडते. चाकाच्या गाड्यावर बसवलेली असल्यामुळे सैन्याने तिला आधी तोफेतच धरलं. फ्रेंचांकडे मित्रेयूज होती, १८७०च्या प्रशियाबरोबरच्या युद्धात वापरलेली, २५ नळ्यांची. फ्रेंच लोक आजही कुठल्याही मशीनगनला मित्रेयूज म्हणतात. त्यामुळे फ्रेंच मजकुरात हा शब्द आला तर आधी साल बघा. १८७० असेल तर ती गाड्यावरची बहुनळी, १९१४ असेल तर साधी मशीनगन.

खरी स्वयंचलित म्हणता येईल अशी पहिली मशीनगन हायरम मॅक्सिमची, १८८४च्या सुमाराची. त्याने गोळी सुटताना बसणारा मागचा धक्काच कामाला लावला: त्या धक्क्याने रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढचं काडतूस आत जातं आणि चाप दाबलेला असेल तर तेही उडतं. मूठ फिरवायचं काम संपलं. गॅटलिंगला 'हाताने फिरवायची' आणि मॅक्सिमला 'स्वयंचलित' म्हणायचं ते यामुळे.

'सबमशीनगन' हा शब्द अमेरिकेतल्या जॉन थॉम्प्सनच्या शस्त्राबरोबर रूढ झाला. पिस्तुलाची गोळी वापरणारी, एका माणसाने हातात धरून चालवायची छोटी मशीनगन असा त्याचा अर्थ. थॉम्प्सनचीच टॉमीगन झाली. तिचं काडतूस .४५चं, मॅगझीन २० किंवा ३०चं आणि गोल डबा ५० किंवा १००चा. मराठीत 'उपमशीनगन' कुणी लिहू नये, उपनगरासारखं वाचलं जातं आणि अर्थ काहीच पोचत नाही. सबमशीनगनच ठेवा, नाहीतर नेमकं नाव द्या: टॉमीगन, स्टेन, स्टर्लिंग.

रशियन मजकुरात 'अवतमात' येतो. एके म्हणजे 'अवतमात कलाश्निकोवा'. त्याचं 'स्वयंचलित यंत्र' असं भाषांतर केलेलं पाहण्यात येतं. रशियन सैनिकाच्या तोंडी तो शब्द असॉल्ट रायफलसाठी असतो.

---

बखरवाचक

नेमक्या शब्दाने इतिहास कसा बदलतो त्याचं एक उदाहरण द्यायलाच हवं. जालियनवाला बाग, १३ एप्रिल १९१९. मराठी लेखांत, भाषणांत, मुलांच्या निबंधांतही 'डायरने मशीनगन चालवल्या' असं वाक्य येतं. बागेत मशीनगन चाललीच नाही. गोळीबार ५० सैनिकांनी .३०३ रायफलींनी केला. १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या, सुमारे दहा मिनिटं. मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्या डायरने बरोबर आणल्या होत्या. बागेत जायची गल्ली अरुंद असल्यामुळे त्या आत जाऊ शकल्या नाहीत. चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे त्याने कबूल केलं की गाड्या आत नेता आल्या असत्या तर बहुधा मशीनगनही वापरल्या असत्या.

हिशेब मांडला तर रायफल या शब्दाचा अर्थ अंगावर येतो. माणशी सरासरी ३३ गोळ्या. त्या ली-एनफील्ड रायफलीत दहा काडतुसं मावतात, म्हणजे प्रत्येक सैनिकाने मध्ये थांबून पुन्हा पुन्हा भरली. प्रत्येक गोळीआधी खटका हाताने मागेपुढे केला, नेम धरला, चाप ओढला. मशीनगन लिहिलं की सगळं एका यंत्राने क्षणात केल्यासारखं वाटतं. रायफल लिहिलं की दहा मिनिटं ५० जण हे जाणूनबुजून, हुकमाप्रमाणे, गर्दी दाट असेल तिकडे नेम धरून करत होते हे समोर येतं. तेव्हा कृपा करून तिथे मशीनगन लिहू नका.

---

भाषांतरवेडी

हे माझ्या लेखमालेत येणारच आहे, खूप आभार. आता एक वाक्य अडलंय. दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या आघाडीवरच्या एका मानपत्रात (शौर्यपदकाच्या सायटेशनमध्ये) 'हेवी मशीनगन फायर' आहे. त्याचं 'जड मशीनगनचा मारा' करावं का?

---

निवृत्त_तोफखाना

नको. तिथे हेवी हे माऱ्याचं विशेषण आहे, गनचं नाही. 'मशीनगनचा जोरदार मारा' किंवा 'मशीनगनच्या गोळ्यांचा भडिमार'. हेवी मशीनगन हा स्वतंत्र प्रकार आहे, साधारण १२.७ मिमी आणि त्यावरचा. अमेरिकन ब्राउनिंग एम-२ किंवा आपल्या टी-७२ रणगाड्यावर बसवलेली १२.७ मिमीची एनएसव्ही त्यात येते. पायदळाच्या तुकडीवर जवळून झालेला मारा बहुतेक वेळा त्या गनचा नसतो.

आपल्या सैन्यातली नावं अशी. एलएमजी म्हणजे लाइट, दुपायीवर ठेवून झाडायची. आधी ब्रेन, पुढे ब्रेनचीच ७.६२ मिमी आवृत्ती, मग ५.५६ मिमीची इन्सास एलएमजी. मार्च २०२० मध्ये इस्राएलकडून १६,४७९ नेगेव्ह एलएमजी घ्यायचा करार झाला, त्या ७.६२ मिमीच्या. एमएमजी म्हणजे मीडियम, आपल्याकडे ७.६२ मिमी एमएजी, पट्ट्यावर चालणारी. एचएमजी म्हणजे हेवी. सैनिक 'एलएमजी', 'एमएमजी' असंच बोलतो, संवादात तेच ठेवा. निवेदनात पहिल्यांदा 'हलकी मशीनगन' म्हणून पुढे एलएमजी केलंत तर वाचक अडणार नाही.

---

बखरवाचक

मानपत्र कुणाचं, नाईक यशवंत घाडगे यांचं का? वर्णन तसंच वाटतंय.

---

भाषांतरवेडी

हो, त्यांचंच.

---

बखरवाचक

मग त्यात दोन शब्द दोन वेगळ्या शस्त्रांचे आहेत, ते एक होऊ देऊ नका. १० जुलै १९४४, अपर टायबर खोरं, मराठा लाइट इन्फंट्रीची ३/५ बटालियन. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले ते स्वतः सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. हातबाँबने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी केले. मग तिथल्या एकाला आपल्या टॉमीगनने मारलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवलं. नंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे.

दोन्हीकडे 'मशीनगन' लिहिलंत तर कोण कुणाच्या गनवर धावलं आणि नळीकडून कुठली गन धरली हे वाचकाला कळणारच नाही. तिकाटण्यावरची मशीनगन उलटी धरून कुणी मारत नाही. साडेचार-पाच किलोची टॉमीगन तशी धरता येते.

नामदेव जाधव यांच्या मानपत्रातही हाच भेद आहे. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी, १/५ मराठा. मशीनगनच्या ठाण्यावर टॉमीगन घेऊन धावले. हाताला जखम झाल्यावर टॉमीगन चालवता येईना, ती टाकून दिली आणि पुढची दोन ठाणी हातबाँबने मोडली. मग बांधावर उघड्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत बाकीच्या कंपन्यांना नदीपार बोलावलं. हे लिहिताना 'मशीनगन टाकून दिली' असं झालं तर तो अर्थाचा अनर्थ होईल.

---

आगाऊ_वाचक

त्या ठाण्यांवर जर्मनांकडे कुठली मशीनगन असायची?

---

निवृत्त_तोफखाना

मानपत्रात नाव नाही, त्यामुळे अनुवादात घालू नये. तेव्हा जर्मन पायदळाकडे मुख्यतः एमजी-३४ आणि एमजी-४२ असत. एमजी-४२ चा वेग मिनिटाला १,२०० च्या घरात, ब्रेनच्या दुपटीहून जास्त. इतक्या वेगात एकेक बार कानाला वेगळा ऐकू येत नाही, जाड कापड टराटरा फाडल्यासारखा एकसलग आवाज येतो. त्यामुळे तिच्यासाठी 'तडतड' लिहू नका. तडतड ब्रेनला किंवा व्हिकर्सला शोभते. वेग जास्त म्हणून नळीही लवकर तापायची, दीडशे-अडीचशे गोळ्या सलग गेल्या की बदलायची.

---

शब्दछंदी

आता क्रियापदं आणि भागांची नावं. इथे मराठीकडे चांगले शब्द आहेत, ते वापरात राहावेत.

ट्रिगरला चाप. पुष्कळ जण घोडा म्हणतात, पण घोडा म्हणजे मूळचा काडतुसावर आपटणारा भाग. जुन्या बंदुकीत घोडा मागे चढवायचा आणि चाप ओढायचा. 'घोडा दाबला' आता इतकं रूढ झालंय की कथेत चालेल. तांत्रिक मजकुरात चाप.

बॅरलला नळी, बटला दस्ता, पुढच्या साइटला माशी. बेल्टला पट्टा, ट्रायपॉडला तिकाटणं किंवा तिपाई.

काडतूस आणि गोळी यांत फरक करा. मॅगझीनमध्ये काडतुसं भरतात, नळीतून गोळी सुटते, जमिनीवर रिकामी पुंगळी पडते. 'जिवंत काडतुसं' आणि 'रिकाम्या पुंगळ्या' हे बातमीदारीतले जुने, नेमके शब्द आहेत. 'घटनास्थळी ३० गोळ्या सापडल्या' या वाक्यातून मात्र काहीच कळत नाही. काडतुसं सापडली, पुंगळ्या सापडल्या की भिंतीत घुसलेल्या गोळ्या?

फैर हा शब्द फायरवरून आलेला. अनेक बंदुका एकदम उडवल्या तर ती एक फैर. मानवंदनेला 'हवेत तीन फैरी झाडल्या' म्हणतो ती हीच. मशीनगनच्या एका दमात सुटलेल्या गोळ्यांनाही फैर चालते, म्हणजे बर्स्टला मराठीत फैर लिहा. पिस्तुलातून एकच गोळी सुटली तर फैर नको, 'एक गोळी झाडली' किंवा 'एक बार काढला'. बार ठासणीच्या बंदुकीला आणि शिकारीच्या वर्णनाला जास्त शोभतो. राउंड पोलिसांच्या भाषेत राहू द्या.

आणि लिंग: मशीनगन, स्टेनगन, कार्बाइन, रायफल सगळ्या स्त्रीलिंगी. बंदुकीचा होतं तसं रायफलीचा होतं, ते छान मराठी वळण आहे. मशीनगनीचा मात्र कानाला खटकतं, मशीनगनचा हेच बरं. अनेकवचनाला 'दोन मशीनगन' पुरेसं आहे, शेवटी स लावायची गरज नाही.

---

कायद्याचं_बोला

शब्दछंदी, फैरीबद्दल थोडा मतभेद. न्यायालयीन कागदांत 'आरोपीने दोन फैरी झाडल्या' म्हणजे दोन गोळ्या असाच अर्थ घेतला जातो. तिथे बदलायला गेलं तर गोळ्यांची संख्याच चुकेल.

---

शब्दछंदी

मान्य. कायद्याच्या कागदात जसं आहे तसं ठेवावं. युद्धवर्णनात आणि कथेत मात्र फैर म्हणजे एकाहून अधिक, हे मी धरून ठेवीन.

---

आगाऊ_वाचक

विमानावरच्या आणि जहाजावरच्या गनला काय म्हणायचं? सुखोईवर मशीनगन असते असं वाचलंय.

---

निवृत्त_तोफखाना

सर्वसाधारणपणे २० मिमीपासून पुढच्या स्वयंचलित शस्त्राला मशीनगन म्हणत नाहीत, कॅनन म्हणतात, कारण त्यातला गोळा स्फोटक असू शकतो. मराठीत तोफच म्हणावं लागेल, पण नुसती तोफ म्हटलं की गाड्यावरची डोळ्यांसमोर येते. म्हणून 'स्वयंचलित तोफ' लिहा. नाशिकजवळ ओझरला एचएएलने बांधलेल्या सुखोई-३० एमकेआयवर ३० मिमीची एकनळी स्वयंचलित तोफ आहे, गोळे १५०. वेग मिनिटाला १,५०० ते १,८००, म्हणजे सलग झाडली तर पाच-सहा सेकंदांचा साठा. वैमानिक ती एका वेळी क्षणभरच वापरतो, 'तासभर गोळ्या बरसवल्या' असलं वर्णन तिथे चालत नाही.

नौदलाच्या जहाजांवर एके-६३० असते. नावात एके आहे म्हणून तिला रायफलीच्या घरात ढकलू नका. ३० मिमी, सहा फिरत्या नळ्या, वेग मिनिटाला ५,००० च्या आसपास, जहाजाकडे येणारं क्षेपणास्त्र शेवटच्या टप्प्यात पाडण्यासाठी. फिरत्या नळ्यांची कल्पना गॅटलिंगचीच, म्हणून इंग्रजीत अशा शस्त्रांना अजून गॅटलिंग म्हणतात. मूठ फिरवायला अर्थातच कुणी नसतं. एके-६३० मध्ये ते काम काडतुसांतला वायू करतो, अमेरिकन मिनीगनमध्ये विजेची मोटर.

---

भाषांतरवेडी

आता शेवटचं एक वाक्य. प्राग, २७ मे १९४२, नाझी अधिकारी हायड्रिखवरचा हल्ला. हल्लेखोर गाबचिक त्याच्या गाडीसमोर येऊन स्टेन रोखतो आणि ती चालत नाही. मी 'त्याच्या मशीनगनमधल्या गोळ्या संपल्या' असं एका जुन्या अनुवादात वाचलं. मूळ मजकुरात 'जॅम' आहे. 'बिघडली' लिहू का?

---

निवृत्त_तोफखाना

'गोळ्या संपल्या' साफ चूक, एकही सुटली नव्हती. 'बिघडली' म्हटलं तर भाग मोडल्यासारखं वाटतं. 'स्टेन अडकली' लिहा.

स्टेनमध्ये अडकणं वारंवार व्हायचं. मॅगझीनमध्ये काडतुसं दोन ओळींत बसतात आणि तोंडाशी येताना एका ओळीत घुसावी लागतात. तोंडाचे ओठ जरा वाकले, आत माती गेली की काडतूस तिरकं होऊन अडतं. म्हणून ३२ ऐवजी ३० किंवा त्याहून कमी भरायची पद्धत होती. आडवं मॅगझीन मुठीसारखं धरायचा मोह होतो. तसं धरलं की मॅगझीन हलून काडतूस नीट आत जात नाही. म्हणून डावा हात नळीवरच्या वेष्टनाला. स्टर्लिंगमध्ये मॅगझीनच्या आत काडतुसं ढकलणाऱ्या भागाला रूळ दिले आणि खटक्यावर तिरक्या कडा ठेवल्या, त्या घाण खरवडून बाजूला सारतात. कार्बाइन त्या मानाने कमी अडकते ती यामुळे.

प्रागमध्ये नेमकं कशामुळे अडकलं ते वाक्यात आणू नका. 'त्याने चाप ओढला, पण स्टेन अडकली. एकही गोळी सुटली नाही.' एवढं पुरे. पुढचं वाक्य त्याचा साथीदार कुबिशच्या बाँबचं येऊ द्या.

---

भाषांतरवेडी

तसंच घेतलं. घाडगे आणि जाधव यांच्या मानपत्रांचा मसुदा उद्या याच धाग्यात टाकते. बखरवाचक, टॉमीगनचं वाक्य तुम्ही एकदा डोळ्यांखालून घाला.